कानाच्या पाळीइतकं मऊ

काकूच्या डाव्या कानाला सकाळी नेहमी पीठ लागलेलं असतं. नवीन गिऱ्हाईक हळूच खूण करून सांगतं, "इथे काहीतरी लागलंय." काकू "हो" म्हणते आणि पुसत नाही. जुनी गिऱ्हाइकं सांगत नाहीत.

काकू ताजा पास्ता करते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा आहे. त्याच्या अर्ध्या भागात तिचं काम चालतं आणि उरलेल्या अर्ध्या भागात काका घड्याळं दुरुस्त करतात. ही वाटणी त्यांच्या लग्नानंतर लगेच झाली आणि ती चुकीची आहे हे दोघांनाही पहिल्याच आठवड्यात कळलं. मैदा हवेत उडतो आणि दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची झाकणं उघडी असतात. काकांनी पंखा बंद ठेवून बघितला, मध्ये पडदा लावून बघितला, शेवटी नाद सोडला. आमच्या भागातल्या बऱ्याच लोकांच्या मनगटावर थोडा थोडा मैदा फिरतो आहे. कोणी तक्रार केली तर काका विचारतात, "वेळ बरोबर दाखवतं ना? मग झालं तर."

काकूला लागणारं सामान एका पिशवीत मावतं. मैदा, थोडा बारीक रवा, अंडी, मीठ. मोठ्या लाकडी फळीवर ती पिठाचा ढीग करते, मधोमध मुठीने खड्डा पाडते आणि त्यात अंडी फोडते. मग काट्याच्या चमच्याने अंडी फेटत फेटत कडेचं पीठ आत ओढत जाते. या वेळी तिच्याशी बोललेलं तिला चालत नाही, कारण पिठाची भिंत एका बाजूने फुटली तर अंडं फळीवरून थेट काकांच्या बाजूला जातं. एकदा गेलं होतं. ते घड्याळ परत देताना काकांनी पैसे घेतले नाहीत आणि कारणही सांगितलं नाही.

गोळा जमला की ती तो तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने मळायला लागते. ढकलायचा, दुमडायचा, फिरवायचा. सुरुवातीला गोळा खरबरीत असतो, मळता मळता गुळगुळीत होतो. मग ती थांबते. उजव्या हाताच्या चिमटीत गोळ्याची कड धरते, डाव्या हाताच्या चिमटीत डाव्या कानाची पाळी धरते, आणि भिंतीकडे बघत दोन्ही एकदम दाबते. गोळा पाळीपेक्षा कडक लागला तर ओला हात फिरवते. मऊ लागला तर चिमूटभर पीठ टाकते. दोन्ही सारखे लागले की गोळ्यावर वाडगं पालथं घालून त्याला झोपू देते आणि स्वतः चहा पिते.

कानाच्या पाळीइतकं मऊ, हा नियम माझ्या आजीचा, म्हणजे काकूच्या सासूचा. आजीने यापेक्षा जास्त काही शिकवलं नाही. काकूने लग्न झाल्यावर विचारलं होतं, "किती पीठ, किती अंडी?" आजी म्हणाली, "तुला कान आहे ना?" तेवढ्यावर काकूने आयुष्यभर पास्ता केला.

पुढे मोठं लाटणं घेऊन ती पोळी लाटते, इतकी पातळ की खाली हात धरला तर बोटं दिसावीत. पोळीवर पीठ भुरभुरवते, सैलसर गुंडाळते आणि सुरीने पट्ट्या कापते. कापलेल्या पट्ट्या बोटांनी उचलून झटकते, त्या सुटतात, आणि ती त्यांची छोटी छोटी घरटी करून ट्रेमध्ये मांडते. सकाळचा पहिला ट्रे कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो. किंबहुना पहिले काही ट्रे तिथेच जातात. उरलेला शेजारपाजारचे लोक घेऊन जातात, पण खरा धंदा हॉटेलचा.

मी या घरातली पुतणी. मी वजनकाट्यांच्या कारखान्यात काम करते. तयार झालेला काटा खरं बोलतो की नाही हे तपासायचं, हे माझं काम. माझ्याकडे मखमलीच्या पेटीत ठेवलेली वजनं आहेत. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटाच्या घामानेसुद्धा त्यांचं वजन बदलतं. दर वर्षी ती वजनंही तपासायला दुसऱ्या शहरात पाठवतात. तिथली वजनं आणखी कुठेतरी पाठवत असतील. हे मी काकूला एकदा मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ती पट्ट्या कापत ऐकत होती.

"म्हणजे शेवटी कोणालाच माहीत नाही," ती म्हणाली.

"तसं नाही गं काकू, शेवटी एक मूळ वजन असतं."

"ते कोण तपासतं?"

मी म्हटलं, ते मी विचारून सांगते. अजून विचारलेलं नाही.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. आई, बस चालवणारे बाबा आणि मी. आई आणि काकू सख्ख्या जावा, एकाच जिन्याने ये-जा करतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण आहे असंही नाही. सणावाराला, आजारपणाला, लग्नकार्याला दोघी एकमेकींसाठी सगळं करतात, फक्त मध्ये एक माणूस लागतो. "हिला सांग, दूध उतू जातंय," असं काकू मला सांगते आणि आई माझ्या शेजारीच उभी असते. कारण विचारलं तर बाबा सांगतात. आई लग्न होऊन आली तेव्हा काकूने तिला पहिलं ताट वाढलं. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "अंड्याचा वास येतोय का थोडा?" काकू म्हणाली, "तुझं नाक फार लांब आहे." एवढंच. दोघींनी एकमेकींना उद्देशून बोललेली ही शेवटची वाक्यं, आणि तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं.

एका सकाळी हॉटेलवाले स्वतः गाळ्यावर आले. ते कधी येत नाहीत, माणूस पाठवतात. हे गृहस्थ काकांचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून काकूला वहिनी म्हणतात. ते काकांसमोरच्या स्टुलावर बसले, एक बंद पडलेलं घड्याळ उचलून कानाला लावलं, खाली ठेवलं.

"बोला की," काका म्हणाले.

"वहिनींशी बोलायचंय."

"ती तिकडे आहे."

काकू पाच हातांवर होती. हॉटेलवाले स्टूल घेऊन तिच्या बाजूला सरकले.

"वहिनी, रागावू नका."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"पास्ता पूर्वीसारखा होत नाही."

काकूचं लाटणं थांबलं नाही. "कसा होतो?"

"मऊ. म्हणजे पाण्यात टाकला की... कसं सांगू. शिजत नाही, विरघळतो. पट्ट्या एकमेकींना चिकटतात. परवा एक बाई म्हणाली, खीर छान आहे."

काकांनी भिंगातून डोळा वर केला आणि परत खाली घेतला.

"पाणी कमी घेत असाल," काकू म्हणाली.

"भरपूर घेतो. उकळी फुटल्यावरच टाकतो. मीठ घालतो. इतकी वर्षं करतोय. मला वाटलं होईल एखाद दिवस, म्हणून बोललो नाही. पण गेला महिनाभर लोक ताटात ठेवून उठतायत." ते थोडे थांबले. "सोमवारी हॉटेल बंद असतं. सोमवारी मी येतो, इथेच शिजवून बघू. जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर मी पाकिटातला मागवतो."

पाकिटातला. हा शब्द आमच्या गाळ्यात कोणी उच्चारत नाही.

हॉटेलवाले गेल्यावर काकूने लाटलेली पोळी उचलून उजेडात धरली. बोटं दिसत होती. तिने पोळी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "त्यांनी बंद केलं तर मी फळी आवरते."

काका म्हणाले, "शेजारचे घेतात की."

"शेजारचे कौतुकाने घेतात. हॉटेलात लोक विकत घेऊन खातात. ते उठून गेले म्हणजे झालं."

काका घड्याळाकडे वळले. मग त्यांनी पेचकस पुन्हा खाली ठेवला, हे मी पाहिलं. काकूने फळी आवरली तर पूर्ण गाळा काकांचा होईल, स्वच्छ, पिठाशिवाय. लग्नापासून त्यांना हेच हवं होतं आणि त्यांचा चेहरा बस चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

मी कारखान्यात सुट्टी टाकली आणि एक छोटा काटा घरी आणला. काकूने त्याला फळीच्या टोकाला जागा दिली, पाहुण्याला देतात तशी. पिठाचा दुकानदार बदललाय का? नाही. अंडी? तीच. मीठ? मिठात काय बदलणार. हवा दमट आहे का? मी तेही मोजलं, नेहमीसारखीच होती. मग मी तिचं काम चालू असताना प्रत्येक गोष्ट वजन करून टाकायला लावली. खड्डा पाडायच्या आधी पीठ, फोडायच्या आधी अंडी, आणि ओला हात फिरवायच्या आधी नि नंतर पाण्याची वाटी. तिने हे सगळं सहन केलं. फक्त एकदा म्हणाली, "आता मलाही उचलून ठेव त्याच्यावर."

पाण्याची वाटी बोलली. काकू ओला हात एकदाच फिरवत नव्हती. पुन्हा पुन्हा फिरवत होती. गोळा मला केव्हाच झालेला वाटत होता आणि ती कान दाबून मान हलवत होती, अजून नाही.

"काकू, खूप पाणी जातंय."

"कान म्हणेल तेवढं जातं."

मी माझा कान दाबला आणि गोळा दाबला. गोळा कितीतरी मऊ होता. "माझा कान तर म्हणतोय बास."

"तुझा कान लहान आहे."

"बघू तुझा," मी म्हटलं आणि हात धुऊन तिच्या कानाची पाळी धरली.

आमच्या घरात कोणी काकूच्या कानाला हात लावला नव्हता. लावायचं काही कारणही नव्हतं. लहानपणी आमचे कान तिने बरेच पिळले, उलट कधी झालं नाही. ती पाळी लांब, सैल आणि इतकी मऊ होती की चिमटीत काही आहे की नाही हे कळेना. मी दुसऱ्या हाताने गोळा दाबला. तंतोतंत तसाच. केसभरही फरक नव्हता.

काकूचं काहीच चुकत नव्हतं. ती कानाशी पूर्ण प्रामाणिक होती. कान म्हातारा झाला होता.

गाळ्यात त्यांच्या लग्नाचा फोटो टांगलेला आहे. मी तो खाली उतरवून पीठ पुसलं. फोटोतल्या काकूचा कान छोटा, गोल आणि घट्ट होता, नव्या बटणासारखा. मी फोटो तिच्यासमोर धरला. तिने खूप वेळ बघितलं.

"ही साडी मला तेव्हाही आवडली नव्हती," ती म्हणाली. मग हळूच कानाला हात लावून म्हणाली, "असं कसं होईल? मला तर रोज तोच लागतो."

"रोज थोडाथोडाच बदलतो ना. म्हणून कळत नाही. आमच्याकडे काट्याचंही असंच होतं."

काका म्हणाले, "मी बघत होतो, लांब होतायत म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"बायकोचे कान लांब झाले, हे कोणी बोलतं का?"

काकूने फोटो माझ्याकडून घेऊन परत भिंतीवर टांगला.

आता वाटलं, सोपं आहे. मी वजनं ठरवून देते, इतकं पीठ, इतकी अंडी, इतकं पाणी. मी ठरवून दिली. पहिल्या दिवशी गोळा बरा झाला. दुसऱ्या दिवशी अंडी मोठी निघाली आणि गोळा हाताला चिकटला. तिसऱ्या दिवशी नवीन पोतं फोडलं, ते पीठ कोरडं होतं आणि गोळ्याला भेगा पडल्या. उशिरा येणाऱ्या दूधवाल्याकडे बघते तशी काकू माझ्या काट्याकडे बघायला लागली.

मग मी कारखान्यातून रबर आणलं. आमच्याकडे रबराचा मऊपणा मोजायचं यंत्र आहे, त्यावर मी माझ्या अंदाजाने एक बरोबर तुकडा निवडला आणि कात्रीने पाळीच्या आकाराचा कापला. काकूने तो चिमटीत धरला आणि लगेच खाली ठेवला.

"थंड आहे."

"थोडा वेळ हातात धर."

तिने धरला. मग तोंड वाकडं केलं. "हा मेलेल्याचा कान आहे. मी याला विचारून पास्ता करणार नाही."

म्हणजे जिवंत कान हवा होता. कोणाचा, ते करून, शिजवून आणि खाऊनच कळणार होतं. शनिवारी काकूने एकेका कानाचा एकेक छोटा गोळा करायला घेतला.

पहिले काका. काकांची पाळी चामड्यासारखी निघाली. त्या कानाच्या हिशोबाने गोळा इतका कडक झाला की लाटणं वर चढेना. काकूने तो फळीवर आपटून बघितला. ठक्क आवाज झाला.

"तरी म्हटलं, माझं बोलणं यांच्या कानात शिरत का नाही," ती म्हणाली.

मग बाबा ड्युटीवरून आले आणि युनिफॉर्मवरच स्टुलावर बसले. बसची खिडकी उघडी ठेवून चालवल्यामुळे बाबांचा उजवा कान वाऱ्याने कडक झालेला आणि डावा बरा, असं निघालं. काकूने डावा घेतला. पोळी लाटली गेली, पण पट्ट्या झटकताना तुटल्या. बाबांनी त्या तुकड्यांचं सूप करून खाल्लं आणि चांगलं लागतं म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

माझा कान बरोबर लागण्याची शक्यता होती, पण त्यात कॉलेजच्या दिवसांत पाडलेली इतकी भोकं आहेत की चिमटीत धरायला सलग जागा सापडेना. "चाळणी करून ठेवलीयस," काकू म्हणाली. तिने तरी प्रयत्न केला. पट्ट्या शिजल्या, तिने एक खाल्ली, थांबली, दुसरी खाल्ली. "जवळ आहे," ती म्हणाली. "पण हा नाही."

संध्याकाळ झाली होती. कढईत माझ्या कानाचा उरलेला पास्ता होता. काका तिसऱ्या ताटलीवर होते आणि घरात अजून एक कान शिल्लक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तो कान वरच्या मजल्यावर भांडी घासत होता. आवाज येत होता.

काकूने हात पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिचे कान आजेसासूंसारखे आहेत, असं सासूबाई म्हणायच्या."

"मग सांगू आईला?"

"मी काही म्हटलं नाही. मी फक्त सासूबाई काय म्हणायच्या ते सांगितलं."

मी वर गेले. आईने सगळं ऐकून घेतलं. घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"नाक चाललं नाही तिला. आता कान पाहिजे?"

"आई, ती फळी आवरायचं म्हणतेय."

आईचा हात नळावर थांबला. "कोण म्हणालं?"

"तीच. हॉटेलवाल्यांनी सोमवारपर्यंत सांगितलंय."

आईने नळ बंद केला. पुसलेला ओटा परत पुसायला घेतला. आई काकूबद्दल एकही चांगला शब्द बोलत नाही, पण लहानपणापासून आमच्या घरात पास्ता एकाच ठिकाणचा येतो, आणि बाबांनी एकदा चुकून पाकिटातला आणला तेव्हा आईने तो शेजारणीला देऊन टाकला होता.

"तिला सांग, हवं असेल तर स्वतः येऊन माग."

मी खाली गेले. काकू म्हणाली, "तिला माहीत आहे, माझे गुडघे जिना चढत नाहीत. तिला खाली यायला काय झालं?"

मी वर गेले. आई म्हणाली, "मी खाली गेले तर मी गेले असं होईल."

मी खाली गेले. काकांनी भिंग काढलं. इतका वेळ ते ऐकत होते. "जिन्याला मध्ये वळण आहे," ते म्हणाले. "ते कोणाच्याच मजल्यावर नाही."

रविवारी सकाळी काकूने गोळा मळला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि कठड्याला धरून अर्धा जिना चढली. मी मागे पाण्याची वाटी आणि पिठाचा डबा घेऊन. आई वरून अर्धा जिना उतरली. केस वर बांधलेले होते आणि दोन्ही कान साबणाने धुतलेले दिसत होते. ती वळणावर भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जणू फोटो काढायचाय.

काकूने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला सांग, मान जरा इकडे."

"नाही," आई म्हणाली. तीही माझ्याकडेच बघत होती. "कान माझा आहे. मलाच सांगायचं."

खालच्या मजल्यावर काकांचं काम थांबल्याचं मला ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

काकूने फडकं उघडलं. गोळा एका हातात धरला. मग ती थेट आईला म्हणाली, "मान जरा वळव गं."

आईने मान वळवली.

काकूने एका चिमटीत पाळी धरली, दुसऱ्या चिमटीत गोळा, आणि भिंतीकडे बघत दाबलं. परत दाबलं. तिचे डोळे बारीक झाले.

"बोटं थंड आहेत तुमची," आई म्हणाली.

"हलू नकोस." काकूने मला हाताने खूण केली. मी डबा पुढे केला. तिने चिमूटभर पीठ घेतलं, तिथेच कठड्यावर ताटली ठेवून गोळ्यात मळलं, परत पाळी धरली. आणखी चिमूटभर. वरच्या मजल्यावरचे शेजारी पेपर घेऊन खाली येत होते. ते वळणावर थांबले, त्यांनी एक बाई दुसरीचा कान धरून उभी आहे असं बघितलं, "चालू द्या," म्हणाले आणि परत वर गेले.

"झालं," काकू म्हणाली. कान सोडला. आई कान चोळत होती.

"तुमच्या हातानेच लाटणार ना? की आता माझा हातही पाहिजे?"

"हात माझ्याकडे आहे," काकू म्हणाली आणि एकेक पायरी उतरायला लागली. आई तिथेच उभी होती. मग तीही मागोमाग उतरली. म्हणाली, कान दिलाय तर कुठे जातो ते बघायला नको का.

त्या दिवशीच्या पट्ट्या झटकल्यावर सुट्या झाल्या. काकू त्या शिजवून उभ्यानेच खात राहिली. ताटलीत काही शिल्लक ठेवलं नाही. आम्हाला चव घ्यायला मिळाली नाही.

सोमवारी हॉटेलवाले आले ते स्वतःचं पातेलं घेऊन, म्हणजे नंतर पातेल्याला दोष द्यायला नको. सकाळीच आईचा कान झाला होता, जिन्याच्या वळणावर, आदल्या दिवशीपेक्षा कमी वेळात. हॉटेलवाल्यांनी पाणी उकळलं, मीठ घातलं, चव बघितली. काकूने दोन घरटी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पाण्यात सोडली आणि झाऱ्याने हलवली. दुसऱ्या शेगडीवर लोण्यात ठेचलेला लसूण गुलाबी होत होता. त्यांनी पट्ट्या पाणी निथळून त्यात टाकल्या, थोडं त्यातलंच पाणी घातलं, मिरपूड टाकली, परतलं. काका, बाबा, आई आणि मी घड्याळांच्या बाजूला रांगेत उभे होतो. काकू फळीमागे. तिच्या हातात लाटणं होतं आणि लाटायला काही नव्हतं.

हॉटेलवाल्यांनी पहिला घास घेतला. चावला. खूप वेळ चावला. दुसरा घेतला. मग बसले. काकांनी स्टूल पुढे सरकवलं होतं तेवढ्यात. ताटली संपवली आणि शेगडीवरच्या कढईत आणखी आहे का ते वाकून बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "हात परत आला की तुमचा."

आम्ही सगळे काकूकडे बघत होतो. ती "हो" म्हणू शकली असती. हॉटेलवाल्यांना कान कोणाचा हे कुठे माहीत होतं? आईसुद्धा काही बोलली नसती, ती काचेच्या पेटीतल्या घड्याळांकडे बघत होती, जणू तिला एखादं विकत घ्यायचंय.

काकूने लाटणं फळीवर आडवं ठेवलं.

"हात इथेच होता," ती म्हणाली. "कान हिचा आहे."

मग सगळं सांगावं लागलं. ते बराच वेळ चाललं, कारण काका मध्ये मध्ये दुरुस्त्या सुचवत होते. हॉटेलवाल्यांनी शेवटी आईकडे वळून तिच्या कानाकडे आदराने बघितलं. त्यांचा हात नकळत पुढे आला.

"लांबून बघा," आई म्हणाली.

हॉटेलवाले म्हणाले, मग उद्यापासून नेहमीसारखं पाठवा, आणि रविवारी गर्दी असते, रविवारचा जरा जास्त. काकू हो म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली, "रविवारी मी उशिरा उठते."

"किती उशिरा?"

"उठेन तेव्हा."

हॉटेलवाल्यांनी काकूकडे बघितलं. त्यांना वाटलं असावं, मोठी जाऊ आहे, काही बोलेल. काकूने वाडगं उचललं, आतून पुसलं, पालथं ठेवलं.

"मग रविवारी पास्ता उशिरा मिळेल," ती म्हणाली.

मी दोघींना सांगून ठेवलंय की हा कानही दर वर्षी तपासून घ्यायला हवा. काकू म्हणाली तुझ्या कारखान्यात जा, आई म्हणाली माझा कान काही म्हातारा होत नाही. या बाबतीत दोघींचं एकमत आहे. जिन्याच्या वळणावर आता एक छोटं स्टूल कायमचं असतं आणि सकाळी तिथून बोलण्याचा आवाज येतो. बहुतेक वेळा बोटं थंड असण्यावरून भांडण असतं. पण ते थेट असतं, मला वरखाली करावं लागत नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात दाराशी एक फळा असतो. त्यावर हल्ली लिहिलेलं असतं, रविवारी ताजा पास्ता दुपारनंतरच. गिऱ्हाईक विचारतं, असं का? हॉटेलवाले टेबल पुसत, सहज सांगितल्यासारखं सांगतात, "रविवारी कान उशिरा उठतो."